परभणीतला समुद्र आणि त्याची फेसनळी

आमच्या कॉलेजात समुद्र होता असं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. म्हणून मी सरळ मापंच सांगतो. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, उत्तरेच्या भिंतीला, सांगाड्याच्या कपाटाशेजारी लोखंडी घोडीवर तो उभा होता. परभणीहून खऱ्या समुद्राला जायचं तर त्या काळी एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागायचा. आमच्याकडच्या बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. मी पालमजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर गंगा, म्हणजे आमची गोदावरी, एवढंच मला ठाऊक. तरी प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी जी काही वर्षं गेली, त्यातली निम्मी हा समुद्र राखण्यात गेली.

तो आणला पेडणेकर सरांनी. सर मालवणकडचे. नोकरीसाठी परभणीला आले आणि इथल्या उन्हानं निम्मे झाले. दर मे महिन्यात गावी जायचे आणि येताना प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी, खडकांतल्या डबक्यांतले बोटभर मासे, शंखात राहणारे खेकडे असं काय काय घेऊन यायचे. एसटीचे कंडक्टर कॅनमध्ये काय आहे विचारायचे. सर सांगायचे, "पाणी." मग कंडक्टर त्यांच्याकडे जरा निरखून बघायचा. पुढं पुढं आम्ही समुद्राचं पाणी इथंच करायला शिकलो. सर क्षारांची नावं सांगायचे, मी तराजूवर तोलायचो.

टाकी बघायला जिल्ह्यातून माणसं यायची. राणीसावरगावचे एक आजोबा नातवाच्या प्रवेशासाठी आले होते. त्यांनी कुणाला न विचारता टाकीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "खारट हाय की! मंग हे मासे तर आयते मीठ लावलेलेच निघत असतील." सर इतके हसले की त्यांनी आजोबांना चहा पाजला आणि नातवाचा अर्ज स्वतः भरून दिला.

आता फेसनळी. इंग्रजी पुस्तकात तिला प्रोटीन स्किमर म्हणतात. आम्ही फेसनळीच म्हणायचो. डाळ शिजायला लागली की वर पांढरा फेस येतो आणि घरातली बाई तो पळीनं काढून टाकते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. टाकीतही तसंच असतं. माशांची घाण, उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं. विरघळलेलं कापडानं गाळलं जात नाही. पण खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडले की ती घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते. हातभर लांबीची पारदर्शक नळी, तळाशी लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यात हवेची रबरी नळी. पाणी वरून खाली जातं, बुडबुडे खालून वर येतात. फेस नळीच्या गळ्यातून चढतो आणि वरच्या कपात पडून बसतो. कपात जमणारं पाणी कडक चहाच्या रंगाचं असायचं आणि त्याचा वास असा, की तो कप मी रिकामा करायला निघालो की मुली नाकाला पदर लावून वाट द्यायच्या. कप जितका घाण, तितका समुद्र स्वच्छ. हे मी पाहुण्यांना फार ऐटीत सांगायचो.

लाकडाचा ठोकळा हा माझ्या अभिमानाचा विषय. सरांनी बाहेरून मागवलेले ठोकळे सहा महिन्यांत कुजले. बुडबुडे जितके बारीक तितका फेस चांगला आणि तसे बारीक बुडबुडे फक्त सच्छिद्र लाकडातूनच निघतात. मी लिंबाचं लाकूड लावून बघितलं, बाभळीचं बघितलं, सागाचं बघितलं. बाभळीतून हवा जाईना, लिंबानं पाणी पिवळं झालं. शेवटी आमच्या बांधावरच्या पांगाऱ्याची फांदी आणून तिचे आडवे तुकडे पाडले, महिनाभर भिजत घातले आणि एक लावला. नळीत दुधासारखी पांढरी वाफ चढावी तसे बुडबुडे चढले. सरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मला कधी कुठलं प्रमाणपत्र मिळालं नाही, त्याची जागा त्या हात दाबण्यानं भरून काढली.

नळी बिघडली की काय बघायचं याचा माझा क्रम ठरलेला होता. आधी पंपाचा रबरी पडदा. तो फाटला की सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवायचा. मग ठोकळा तुंबलाय का. मग पाण्याची पातळी, कारण आमच्या उन्हाळ्यात टाकी दिवसाला दोन बोटं आटायची आणि पातळी उतरली की फेस गळ्यापर्यंत पोचतच नाही. मग विजेचा दाब. मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली की आमचा पंप मलूल व्हायचा. वीजच गेली तर? त्यासाठी ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब हवा भरून टेबलाखाली ठेवलेली असायची. तिच्या तोंडाला चिमटा. चिमटा थोडा सैल केला की तासभर हवा पुरायची. आणि सगळ्यांच्या वर सरांचा एक नियम होता. टाकीच्या आसपास साबण आणायचा नाही. साबणाचा अंश गेला तर नळी फेसानं वेडी होते आणि मासे मरतात. हात धुवायचे ते साध्या पाण्यानं. हा नियम लक्षात ठेवा.

टाकीजवळ मी सोडून आणखी एकच माणूस जायचा, सखाराम वाघमारे. तो परिचर होता, पण हंगामी. दर सत्राला नवी ऑर्डर, मधे चार दिवसांचा खंड, असं त्याचं पाच वर्षं चाललं होतं. माझ्याच वयाचा, दोन मुलांचा बाप, बोलायला कमी. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. माशांना किती खाणं घालायचं ते त्याला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पट्ट्यापट्ट्यांचे ते मासे त्याची सावली ओळखायचे. मी गेलो तर मागं सरकायचे, तो गेला की काचेला येऊन भिडायचे. खरं सांगायचं तर याचं मला थोडं वाईट वाटायचं.

आमच्या प्रयोगशाळेत एक माठ होता. वाघमारे त्यातलं पाणी प्यायचा नाही. घरून बाटली आणायचा. त्याला कुणी मनाई केली नव्हती. 'घे' असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही.

ती नामांतराची मधली वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून गावागावांत माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. आमच्या स्टाफरूममध्ये चहाची दोन टेबलं झाली होती. कॉलेज कधी या बाजूनं बंद व्हायचं, कधी त्या बाजूनं. मी स्वतःला या सगळ्याच्या बाहेरचा समजायचो. आपण भलं आणि आपला समुद्र भला, असं म्हणायचो. आता वाटतं, असं म्हणणाऱ्यांचीच त्या काळात फार गर्दी होती.

माझा आठवडा असा असायचा. शनिवारी कॉलेज सकाळचं. त्या दिवशी मी खोलीवरून निघालो की आधी मारुतीला जायचो. तेलाची बाटली खिशात, करडईचं घरचं तेल. मारुतीच्या अंगावर दोन्ही हातांनी तेल चोळायचो, शेंदराचं बोट कपाळाला लावायचो आणि तसाच प्रयोगशाळेत यायचो. हात धुऊन फेसनळी उतरवायचो. ठोकळा घासायचो, गळा पुसायचो, कप धुऊन सगळं परत बसवायचो. साफ केलेली नळी लगेच फेस धरत नाही, तिला काही तास लागतात. म्हणून बसवून झालं की मी एकच्या एसटीनं पालमला, गावाकडे निघून जायचो. रविवारी वाघमारे येऊन माशांना खाणं घालायचा. सोमवारी मी परत.

एका पावसाळ्यानंतर असं व्हायला लागलं, की सोमवारी यावं तर फेस बसलेला. बुडबुडे भरपूर, पण गळ्याशी येऊन फुटून जायचे. कप कोरडा. बुधवारपर्यंत हळूहळू गाडी रुळावर यायची. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मी पडदा बदलला, ठोकळे बदलले, पातळी मोजली, गिरणीवाल्याशी भांडून आलो. काही केल्या उपयोग होईना. मग मी डोकं चालवलं. शनिवारी मी स्वतः नळी चकाचक करून जातो. सोमवारी ती बिघडलेली असते. मधे एकच दिवस, रविवार. आणि रविवारी टाकीजवळ एकच माणूस. हिशोब शाळकरी पोरालाही सुटेल असा होता.

त्यात आमच्या रखवालदारानं भर घातली. एका सोमवारी त्यानं मला कचऱ्याच्या डब्यातले कागद आणून दाखवले. जर्नलची कोरी पानं, भिजून वाळलेली. म्हणाला, "वाघमारे दर ऐतवारी हे टाकीत घालायलाय. म्या खिडकीतून बगितलंय."

मी वाघमारेला बोलावलं. "टाकीत कागद घालतोस?"

"व्हय."

"कामून?"

"पाण्यावर तवंग येतो, साहेब. कागद वर अंथरला की तवंग त्याला धरतो. मंग हळूच उचलायचा."

"समुद्राच्या पाण्यावर तवंग कुठून येईल?"

तो माझ्या कपाळाकडे बघत उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ते मी काय सांगू."

मी ते कागद हातात धरून होतो. त्यावर भज्याच्या कागदावर असतात तसे पारदर्शक डाग होते. माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते पाहिले नाहीत.

प्राचार्यांकडे मी एक टिपण दिलं. माझं अक्षर चांगलं आहे, भाषाही बरी. 'परिचर वाघमारे यांनी विनापरवानगी टाकीत कागद घातल्याने यंत्रणा वारंवार नादुरुस्त होत आहे. त्यांच्या हाताळणीत हलगर्जीपणा आढळतो.' नेमकं त्याच महिन्यात हंगामी लोकांना कायम करण्यासाठी प्राचार्यांच्या शिफारशी संस्थेकडे जायच्या होत्या. वाघमारेचं नाव यादीत पहिलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही, मला माहीत होतं.

त्याचं नाव मागं ठेवलं गेलं आणि त्याला फाटकावर बसवलं. जाताना माशांच्या खाण्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मोठ्या पट्टेवाल्याला आधी घालू नका, तो बारक्यांचं हिसकून खातो." पेडणेकर सर त्या दिवशी माझ्याशी सरळ बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "कदम, तुझी खात्री आहे ना?" मी म्हटलं, आहे.

रविवारी दुसरा परिचर यायला लागला. पुढच्या सोमवारी फेस बसलेलाच. बुधवारीही बसलेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर कप पूर्ण कोरडा, पाणी धुरकट. सरांचं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा प्राणी, त्यांनी मांडीवर कॅन धरून मालवणहून आणलेलं, आठवड्याभरात मिटून गेलं आणि मग सुटून तरंगायला लागलं. मासे वर तोंड करून पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकायला लागले. तरी मी म्हणत होतो, त्यानं घातलेल्या कागदाचा अंश राहिला असणार. माणूस एकदा लिहून बसला की त्याला दुसरं काही दिसत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

त्याच आठवड्यात मेहुण्यांचा निरोप आला. गंगाखेडकडे गंगेच्या काठी त्यांचं गुऱ्हाळ लागलं होतं. रसाला या. गेलो. काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या, पंचेचाळीस वर्षं हेच करत आलेला म्हातारा, काठाशी बसून बघत होता. बोलता बोलता फेस फुगून काहिलीच्या काठाला आला. आता उतू जाणार, असं वाटून मी उठलो. म्हाताऱ्यानं शेजारच्या वाटीत बोट बुडवलं आणि फेसावर झटकलं. सगळा फेस, केवढा तरी, क्षणात खाली बसला.

लहानपणापासून मी हे पन्नास वेळा पाहिलं होतं. तरी विचारलं, "मामा, वाटीत काय हाय?"

"त्याल. करडीचं. दुसरं काय असणार?" म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला. "फेसाला त्याल दावलं की फेस मेला. शिकल्याली मानसं तुमी, तुमाला ठावं न्हाई?"

माझ्या हातात रसाचा ग्लास होता. तो तसाच खाली ठेवला. आज रविवार. काल शनिवार. काल सकाळी मी मारुतीला तेल चोळलं होतं आणि साबण वर्ज्य म्हणून साध्या पाण्यानं हात धुऊन, त्याच हातांनी ठोकळा घासला होता, खिशातल्या बाटलीला गुंडाळलेल्या रुमालानं नळीचा गळा पुसला होता. गेल्या शनिवारीही. त्याच्या आधीच्याही. पूर्वी मारुतीचा पुजारी तेल घालायचा, आम्ही बाटली नुसती त्याच्या हातात द्यायचो. पावसाळ्यात पुजारी म्हातारपणानं यायचा थांबला, तेव्हापासून मी स्वतः दोन्ही हातांनी चोळायला लागलो होतो. भज्याच्या कागदासारखे ते डाग मग मला दिसले, कागद समोर नसताना.

सोमवारी मी सरांच्या समोर एका चंचुपात्रात टाकीच्या तळाचं पाणी घेतलं, त्यात कोरा ठोकळा सोडून फेस वर आणला आणि खिशातल्या बाटलीतल्या तेलाचं बोट त्याला लावलं. फेस बसला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी दुसरं टिपण लिहून आणलं होतं, ते पुढं केलं. त्यांनी ते वाचलं नाही.

"हे प्राचार्यांना दे, ते द्यायलाच हवं," ते म्हणाले. "पण आधी त्याच्या घरी जा. त्यानं तुझ्याकडून ऐकायला हवं, ऑफिसकडून नको."

परभणीत मी इतकी वर्षं राहिलो, पण वाघमारेच्या वस्तीत त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. माझ्या खोलीपासून पायी दहा मिनिटांवर होती. तो अंगणात मुलीची पाटी फ्रेममध्ये ठोकून बसवत होता. मला बघून उठला, बाज टाकली. त्याच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. तांब्या हातात घेताना माझा हात क्षणभर थबकला. हे लिहायला मला लाज वाटते, पण थबकला म्हणून लिहितो. मग मी पाणी प्यालो, सगळं.

मी त्याला सांगितलं. गुऱ्हाळ, वाटी, बोट, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला पयल्या महिन्यातच कळलं व्हतं, साहेब. शनिवारी तुमच्या कपाळाला शेंदूर असायचा. आन् ऐतवारी पाण्यावर तवंग."

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं. 'तुम्ही' माझ्या तोंडून कसं गेलं ते मला कळलं नाही. त्याला कळलं असावं.

"काय बोलू? तुमच्या मारुतीच्या तेलानं मासे मरायलेत म्हणू? ह्या दिसांत? माझ्या तोंडानं?" तो हळूच हसला, पण ते हसू नव्हतं. "कॉलेजात त्याच दिशी दोन टोळ्या झाल्या असत्या. मासे राहिले असते बाजूला. गावाकडं माझा भाऊ राहतो, म्हातारी राहते, त्यांचं मी काय करणार व्हतो? म्हणून कागदानं उचलत बसलो. शनिवारी तुमी तेल सोडायचं, ऐतवारी मी काढायचं. चाललं व्हतं की."

चुकलं माझं, असं म्हणालो, पण ते शब्द मला फार लहान वाटले.

तो पाटी उचलून परत ठोकायला लागला. ठोकता ठोकता त्यानं विचारलं, "बारके पट्टेवाले किती उरलेत?"

"दोन."

"उद्या येतो," तो म्हणाला.

दुसरं टिपण मी दिलं. त्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि तेलाचं कारणही. मारुतीचं लिहू की नको असं मनात आलं होतं. लिहिलं. स्टाफरूममध्ये एका टेबलावर कुजबुज झाली. एकजण मला म्हणाला, "कशाला देवाचं नाव मधे आणलं?" मी म्हटलं, देवाचं नाही, माझ्या हातांचं लिहिलंय. वाघमारे टाकीवर परत आले. पण शिफारशींची यादी गेलेली होती. ती पुढच्या वर्षी पुन्हा गेली आणि मग ते कायम झाले. मधल्या वर्षात त्यांच्या मागून आलेला एकजण त्यांच्या पुढं गेला आणि पुढं प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली तेव्हा ती त्यालाच मिळाली. वाघमारे परिचर म्हणूनच निवृत्त झाले. दुसरं टिपण कितीही चांगल्या अक्षरात लिहिलं तरी पहिल्याचं वर्ष परत येत नाही. हे मी विसरलेलो नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं.

ते टाकीवर परत आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी मारुतीहून आलो, तर वाघमारे प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभे होते. एका हातात डाळीच्या पिठाची पुडी, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. म्हणाले, "साबण चालत न्हाई ना? मंग हे घ्या. आमच्या घरात बाया ह्यानंच डोई धुतात, तेल टिकत न्हाई."

मी पीठ चोळलं. त्यांनी माझ्या हातांवर वरून पाणी सोडलं. चोळून झालं, पुन्हा सोडलं. मग म्हणाले, "दाखवा हात."

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी पालथे-उलथे करून बघितले, जर्नलचं एक कोरं पान त्यावर दाबलं, खिडकीच्या उजेडात धरलं. डाग नव्हता. "जा आता," ते म्हणाले.

त्यानंतर दर शनिवारी हे चाललं. मारुतीला जाणं मी सोडलं नाही आणि त्यांनी कधी सोडायला सांगितलं नाही. पुढं विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, त्या नामविस्ताराच्या जानेवारीत कॉलेज बरेच दिवस बंद होतं, रस्त्यांवर पोलीस होते. आम्ही दोघं आळीपाळीनं येऊन टाकी बघायचो. त्यातल्या शनिवारी मात्र दोघांनाही यावं लागायचं, कारण एकट्यानं स्वतःच्या हातावर पाणी सोडता येत नाही, असं वाघमारे म्हणायचे. नळ होता, तरी म्हणायचे. कधीपासून हे मला आठवत नाही, पण प्रयोगशाळेतल्या माठातलं पाणी ते पुढं प्यायला लागले होते आणि त्यांच्या बाटलीतलं मी.

पेडणेकर सर मालवणला परत गेले. जाताना उरलेले मासे सोडायला घेऊन गेले, कॅन मांडीवर धरून. टाकीत मग कुणीतरी गोड्या पाण्यातले लाल मासे आणले, नंतर तीही फुटली. फेसनळी माझ्याकडे आहे. पांगाऱ्याचा शेवटचा ठोकळा तिच्यात अजून बसवलेला आहे, वाळून भेगाळलेला.

वाघमारे जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून शनिवारी मारुतीला जातो. घरी आलो की अंगणातल्या नळावर डाळीचं पीठ घेऊन हात धुतो. आता साबण चालला असता, पण पीठच लागतं. धुऊन झालं की हात पुसायच्या आधी दोन्ही पालथे-उलथे करून पुढं धरतो. परवा बायकोनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "कुणाला दाखवायलाव हात?"

मी म्हटलं, "वाघमारेंना."

ती आत गेली आणि टॉवेल घेऊन आली.